पंखाला कसं कळतं, ‘आता पुरे’?

पेरू पिकून मऊ पडला, केळ्याच्या सालीवर काळे ठिपके आले, की स्वयंपाकघरात चिलटं हजर! बोलावणं नाही, निरोप नाही, तरी सगळी मंडळी वेळेवर. आपल्या रायपूरमध्ये तर त्यांची चैनच असते. थंडीत शास्त्री बाजारातून घरोघरी पेरू येतात (इथले लोक त्याला बिही म्हणतात), आणि थंडी सरता सरता गावाकडे महुआची फुलं टपाटप पडायला लागतात. फळं-फुलं आंबली की त्यांच्यावर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. चिलटांना खरी भूक असते ती या यीस्टची.

पुढच्या वेळी हात हलवून हाकलण्याआधी एक चिलट नीट बघा. भिंग असेल तर उत्तमच. लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. डोळे लालभडक. अंग पिवळसर तपकिरी, पोटावर काळे पट्टे. पाठीवर दोन पारदर्शक पंख, एक डावा, एक उजवा. आणि दोन्ही अगदी एका मापाचे.

“त्यात काय विशेष?” असं म्हणालात ना? थांबा, सांगते.

डावा पंख एकीकडे वाढला, उजवा पंख दुसरीकडे. दोघं एकमेकांना चिकटलेले नव्हते. फूटपट्टी घेऊन कुणी शेजारी बसलं नव्हतं. तरीही दोघं वाढत वाढत एकाच मापाला आले आणि थांबले! वाढायचं कसं, हे एक वेळ समजू शकतं. खाल्लं, पचलं, वाढलं. पण थांबायचं कधी? ते कोण सांगतं?

हा प्रश्न नुसता चिलटाचा नाही. आपले दोन हात, दोन पाय, दोन कान यांनाही तो लागू आहे. पण माणसावर प्रयोग करायचे कसे? म्हणून जगभरातल्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न चिलटालाच विचारला. या गोष्टीत दिल्ली आहे, इंदूर आहे, पुणं आहे, आणि नावं तर अशी गमतीदार आहेत की तुम्हाला हसू येईल.

बाटलीतलं बिऱ्हाड

आपल्या चिलटाचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. आंब्याला, पेरूला भोक पाडून आत अंडी घालणारी आणि शेतकऱ्याला रडवणारी फळमाशी वेगळी. ती चांगली घरमाशीएवढी असते. आपलं चिलट बिचारं पिकून सडायला आलेल्या फळावर समाधानी.

शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाच्या प्राध्यापकांनी दुधाच्या बाटल्यांमध्ये ही चिलटं पाळली. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या हजारो माश्यांमध्ये त्यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्या एका नराच्या वंशावळीचा माग काढत मॉर्गन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं, की आईबाबांकडून मुलांकडे जाणाऱ्या सूचना, म्हणजे जनुकं, पेशीतल्या गुणसूत्रांवर बसलेली असतात. १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हापासून चिलटाने प्रयोगशाळेत जे बिऱ्हाड थाटलं, ते आजतागायत हललेलं नाही.

चिलटंच का? एक तर खर्च नाही. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगर, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. दुसरं, घाई फार. २५ अंश तापमानाला अंड्यापासून नवी माशी बाहेर पडायला साधारण दहा दिवस लागतात. १८ अंशांना ठेवली तर जवळजवळ दुप्पट. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा मात्र त्यांचे हाल होतात. ३० अंशांच्या आसपासच नरांना पिल्लं होईनाशी होतात. म्हणून प्रयोगशाळेत या पाहुण्यांना थंड कपाटात ठेवावं लागतं, मग बाहेर माणसं घामाने निथळत का असेनात!

चार दिवसांची खादाडी

चिलटाचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. एका दिवसात त्यातून पांढरी अळी बाहेर येते आणि खायला लागते. खाते म्हणजे किती? चार दिवसांत तिचं वजन सुमारे दोनशे पटींनी वाढतं. आता हा हिशेब आपल्या घरातल्या तीन किलोच्या तान्ह्या बाळाला लावून बघा. रविवारी जन्मलेलं बाळ गुरुवारी सहाशे किलोचं!

मध्ये दोनदा कात टाकून, पोट भरलं की अळी बाटलीच्या भिंतीवर चढते, एका जागी चिकटते आणि कोशात जाते. कोशात तिचं अळीचं शरीर बहुतेक मोडून निघतं आणि चार-पाच दिवसांनी बाहेर येते ती सहा पायांची, दोन पंखांची, लाल डोळ्यांची माशी.

मग हे पाय, पंख, डोळे आले कुठून? ते अळीच्या पोटात आधीपासूनच तयार होत होते! अळीच्या अंगात पेशींच्या छोट्या छोट्या चपट्या पिशव्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना चकत्या म्हणतात. डाव्या पंखाची चकती, उजव्या पंखाची चकती, प्रत्येक पायाची एकेक, डोळ्यांच्या दोन. अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा पंखाच्या एका चकतीत तीस ते पन्नास पेशी असतात. चार दिवसांनी तीस ते पन्नास हजार. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आणि मग सगळ्या पेशी विभागणं थांबवतात.

कदाचित अळीचं शरीरच चकतीला सांगत असेल, “बास आता, वेळ संपली”? हे तपासायला शास्त्रज्ञांनी एक नाजूक प्रयोग केला. लहान अळीतून पंखाची कच्ची चकती काढली आणि ती मोठ्या माशीच्या पोटात ठेवली. मोठ्या माशीला कोशात जायचं नसतं, त्यामुळे चकतीला वेळेचं बंधन नाही. खायला-प्यायला मिळतंय, वाढायला जागा आहे. वाढू दे हवी तेवढी! पण चकती वाढली ती साधारण नेहमीच्या मापापर्यंतच, आणि थांबली. म्हणजे माप चकतीलाच ठाऊक होतं.

मग चकती पेशी मोजत असेल? “पन्नास हजार झाल्या, चला, दुकान बंद”? १९९० च्या दशकात तेही तपासून झालं. पंखाच्या एका भागातल्या पेशींना भराभर विभागायला लावलं. पेशी झाल्या पुष्कळ, पण एकेक लहान लहान. दुसऱ्या प्रयोगात विभागणी रोखली. पेशी कमी झाल्या, पण एकेक मोठी मोठी. पंख मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढाच! म्हणजे चकतीला गणित येत नाही. मापाची जाण तिला आणखी कशावरून तरी होते.

बिघडवा आणि बघा

आता शास्त्रज्ञांची एक अजब पद्धत सांगते. एखादं जनुक काय काम करतं हे कळायला ते जनुक बिघडवून टाकायचं आणि माशीचं काय होतं ते बघायचं. जे बिघडेल, ते त्या जनुकाचं काम. आणि नावही बिघाडावरूनच ठेवायचं. पांढरे डोळे झाले म्हणून जनुकाचं नाव ‘व्हाइट’. खरं तर ते जनुक डोळ्यात रंग भरायला मदत करतं. उलटाच कारभार!

असाच एक बिघाड दिल्लीत सापडला. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत, म्हणजे ज्या जागेला सगळे ‘पुसा’ म्हणतात तिथे, आर. पी. शर्मा यांना अशी चिलटं मिळाली की कुणाला एक पंख नाही, कुणाला दोन्ही नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी ही बातमी छापली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्याबरोबर सविस्तर लिहिलं. जनुकाचं नाव पडलं ‘विंगलेस’, पंख नसलेलं.

तिकडे अमेरिकेत रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस उंदरांच्या गाठींचा अभ्यास करत होते. १९८२ मध्ये त्यांना असं एक जनुक सापडलं, की ते नको तिथे चालू झालं तर उंदराला गाठ होते. १९८७ मध्ये दोन्ही जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि सगळे चाट पडले. उंदराचं ते जनुक म्हणजे दिल्लीच्या बिनपंखी चिलटाचं जनुकच! पुढे या जनुकांच्या घराण्याला ‘विंट’ म्हणू लागले. पेशी एकमेकींना जे निरोप पाठवतात, त्यांतला हा एक मोठा निरोप. चिलटात पंख घडवायला लागतो, आणि आपल्याही शरीरात ठिकठिकाणी लागतो.

निरोप वेळेवर आला तर पंख. सुटला तर पंखच नाही. आणि नको तेव्हा येत राहिला तर गाठ. म्हणजे ‘वाढ’ सांगणाऱ्यांइतकंच ‘थांब’ सांगणाऱ्यांना शोधणं महत्त्वाचं होतं.

इंदूर ते ह्यूस्टन

चिलटांच्या जगात फार दिवसांपासून एक भयंकर अळी माहीत होती. तिच्यातलं एक जनुक बिघडलं की ती कोशात जायचं नावच घेत नाही. खातच राहते, फुगतच जाते, आतल्या चकत्यांचं रूपांतर बेशिस्त गोळ्यात होतं आणि शेवटी ती अळी असतानाच मरते. तिचं नाव ‘राक्षसी अळी’ अशाच अर्थाचं आहे. या जनुकावर काम करणारी एक प्रयोगशाळा होती इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात, प्रदीप सिन्हा यांची. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने या अळीवर एक शोधनिबंध छापला. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालेलं नव्हतं, म्हणजे रायपूर आणि इंदूर एकाच राज्यातली शहरं होती. त्या निबंधावरच्या नावांमध्ये एक नाव होतं, एम. कांगो.

या माधुरी कांगो-सिंह पुढे अमेरिकेत ह्यूस्टनला एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात गेऑर्ग हाल्डर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. प्रश्न तोच: ‘थांब’ कोण म्हणतं?

यात एक अडचण होती. ‘थांब’ म्हणणारं जनुक सगळ्या शरीरात बिघडवलं तर माशी जन्मण्याआधीच मरते. मग बघायचं काय? त्यावर उपाय असा, की बाकी सगळी माशी धडधाकट ठेवायची आणि फक्त डोळ्याच्या चकतीतल्या पेशींत जनुक बिघडवायचं. डोळ्याच्या चकतीतूनच डोक्याचा बराचसा भागही बनतो. माशी जगते, उडते, खाते. फक्त डोक्यात बिघाड! मग अशा माश्या सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक बघत जायच्या. हिचं डोकं लहान, हिचे डोळे खडबडीत, हिचं काहीच झालेलं नाही…

आणि मग एक दिसली, जिचं डोकं सुजल्यासारखं मोठं. कातडी इतकी जास्त, की तिला मावायला जागाच नाही, म्हणून तिच्या घड्या पडलेल्या. चीनमध्ये शार-पेई नावाची कुत्र्याची जात असते. त्याच्या तोंडावर, मानेवर अशाच सुरकुत्यांच्या घड्या असतात. जनुकाचं नाव पडलं ‘शार-पेई’! २००२ मध्ये कांगो-सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगासमोर मांडलं. गंमत अशी, की त्याच सुमाराला इस्वर हरिहरन यांच्या गटालाही स्वतंत्रपणे हेच जनुक सापडलं होतं. त्यांनी नाव ठेवलं ‘साल्व्हादोर’. आज पुस्तकांत हे दुसरं नाव जास्त दिसतं. मला विचाराल तर सुरकुतलेलं कुत्रं जास्त लक्षात राहतं.

आता त्या माशीच्या डोळ्यात जरा जवळून बघू. चिलटाचा एक डोळा म्हणजे सुमारे साडेसातशे ते आठशे बारीक डोळ्यांची जाळी. प्रत्येक बारीक डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. आणि दोन बारीक डोळ्यांच्या मधली फट भरायला थोड्या पेशी. डोळा घडताना मधल्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात, आणि कोशात असताना ज्या जास्तीच्या असतात त्या आपणहून मरून जातात. म्हणून जाळी कशी नीटनेटकी, एकसारखी दिसते.

शार-पेई माशीच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी होत्या तशाच, पण मधल्या फटीत पेशींची गर्दी! का? दोन कारणं. एक, बाकीच्यांनी विभागणं थांबवलं तरी या विभागतच राहिल्या. दोन, ज्यांनी मरून जागा मोकळी करायची, त्या मेल्याच नाहीत. एकच जनुक, पण ते दोन कामं करत होतं. ‘आता नव्या पेशी नकोत’ हेही तेच सांगत होतं, आणि ‘जास्तीच्या असाल त्यांनी निघा’ हेही.

पाणघोडा, चामखीळ आणि छोटं कुत्रं

शार-पेई एकटं काम करत नव्हतं. १९९५ मध्येच एक जनुक सापडलं होतं, जे बिघडलं की माशीच्या अंगावर चामखिळीसारखे उंचवटे येतात. त्याचं नाव ‘वॉर्ट्स’, म्हणजे चामखीळच. २००३ मध्ये आणखी एक सापडलं, तेही एकाच वर्षी अनेक प्रयोगशाळांना. त्यातल्या एका शोधनिबंधावर माधुरी कांगो-सिंह यांचंही नाव आहे. या बिघाडात माशीचं डोकं इतकं मोठं आणि घड्यांचं झालं, की नाव ठेवलं ‘हिप्पो’. पाणघोडा! आणि २००५ मध्ये डुओजिया पान यांच्या गटाला सापडलं ‘यॉर्की’. यॉर्कशायर टेरियर नावाचं एक इवलंसं कुत्रं असतं, त्याच्यावरून. कारण हे जनुक नसेल तर अवयव इवलासा राहतो.

आता या मंडळींचं, म्हणजे या जनुकांवरून बनणाऱ्या प्रथिनांचं, काम कसं चालतं ते बघू. यॉर्कीला वाढ फार आवडते. तो पेशीच्या केंद्रकात शिरला की तिथली जनुकं चालू करतो. मग पेशी विभागायला लागते, आणि मरायचंही नाकारते. म्हणून त्याच्यावर पहारा हवा. हिप्पो शार-पेईच्या मदतीने वॉर्ट्सला जागं करतो. वॉर्ट्स यॉर्कीवर फॉस्फेटची एक बारीक खूण चिकटवतो. खूण चिकटली, की यॉर्कीला केंद्रकाबाहेरच अडकवून ठेवलं जातं. वाढ बंद.

पण हिप्पोला कसं कळतं, की आता कामाला लागायची वेळ झाली? घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीत किती लिटर पाणी आलं हे तिला मोजता येत नाही. पण पाण्याबरोबर आतला गोळा वर येतो, आणि एका उंचीला नळ आपोआप बंद होतो. चकतीचंही काहीसं तसंच आहे. पेशी संख्या मोजत नाहीत, पण प्रत्येक पेशीला आपल्या शेजारणी जाणवतात. पेशींच्या कडेला अशी प्रथिनं असतात, जी शेजारच्या पेशीवरच्या प्रथिनांना धरून असतात. दाटी झाली, एकीचा दाब दुसरीवर पडायला लागला, की पहाऱ्याची ही साखळी जागी होते. पेशी ताणली गेली, आजूबाजूला मोकळी जागा असली, की साखळी ढिली पडते आणि यॉर्की आत सटकतो. सगळंच कोडं अजून सुटलेलं नाही. नेमक्या त्याच मापाला दाटी का होते, यावर आजही प्रयोग चालू आहेत.

चिलटाचं आपल्याला काय?

तुम्ही म्हणाल, माशीचं झालं, पण आमचं काय? ही सगळी साखळी माणसातही आहे! नावं थोडी वेगळी, काम तेच. खात्री करायला शास्त्रज्ञांनी माणसाचं जनुक चिलटात घातलं. ज्या माशीचा हिप्पो बिघडला होता, तिला माणसाचा हिप्पो दिला, आणि तिचं काम सुरळीत चालू लागलं. माणसाची आणि माशीची वाट वेगळी होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी हा सुटा भाग अजून एकमेकांना बसतो.

२००७ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. उंदरातला यॉर्की यकृतात मुद्दाम जास्त चालू केला. यकृत एरवी उंदराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतं, ते वाढत वाढत जवळजवळ चौथा हिस्सा झालं! त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असं फुगवलेलं यकृत घेऊन यॉर्की पुन्हा बंद केला. यकृत हळूहळू आक्रसत मूळ मापावर आलं. आपल्या यकृताचा एक भाग कुणाला दान केला तरी उरलेलं यकृत पुन्हा वाढतं आणि पुरेसं झालं की थांबतं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यातही याच साखळीचा हात आहे.

आणि साखळी तुटली तर? पेशी वाढतच राहतात. अनेक प्रकारच्या कर्करोगांमध्ये ही पहारेकरी मंडळी कामावर नसलेली आढळतात. माधुरी कांगो-सिंह आता अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन विद्यापीठात शिकवतात आणि संशोधन करतात. तिथेही त्यांच्या बाटल्यांमध्ये चिलटंच आहेत, आणि प्रश्न तेच: वाढीला लगाम कसा लागतो, आणि तो सुटला की गाठ कशी होते.

पुण्यातलं इवल्याशा दांडीचं कोडं

भिंगातून चिलट बघताना पंखांच्या मागे लक्ष द्या. तिथे दोन इवल्याशा दांड्या दिसतील, टोकाला गोळा असलेल्या. ते माशीचे तोल सांभाळणारे अवयव. उडताना ते थरथरतात आणि माशीला सांगतात, की आपण कुठे कलतोय. फुलपाखराला तिथे पंखांची दुसरी जोडी असते. माशीत मात्र ते पंख वाढू न देता अशी इवलीशी दांडी केली जाते.

हा हुकूम देणारं जनुक म्हणजे अल्ट्राबायथोरॅक्स. एडवर्ड लुईस या अमेरिकी शास्त्रज्ञाने या जनुकात बिघाड जुळवून चक्क चार पंखांची माशी तयार केली होती. १९९५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण हे एक जनुक पंखाला इतकं आखडतं कसं? यावर एल. एस. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी हैदराबादला आणि मग पुण्याच्या आयसर संस्थेत वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं, की हे जनुक स्वतः सगळं करत बसत नाही. ते वाढीच्या निरोपांनाच हात घालतं. विंगलेसचा निरोप कमी कर, दुसऱ्या एखाद्याचा रोख, यॉर्कीला आवर. आपली पाणघोड्याची साखळी इथेही भेटली! त्यामुळे दांडीत पेशी कमी बनतात, आणि ज्या बनतात त्याही पंखातल्या पेशींपेक्षा लहान.

मागे राहिलेल्यासाठी थांबायचं

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. समजा अळीच्या एका पंखाच्या चकतीला इजा झाली. ती मागे पडली. बाकीच्या चकत्या जोरात वाढतायत. मग माशी एक पंख मोठा आणि एक लहान घेऊन बाहेर येणार का?

नाही. २०१२ मध्ये दोन प्रयोगशाळांनी या मागचा निरोप्या शोधला. इजा झालेली चकती एक प्रथिन बाहेर सोडते. ते अळीच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि कोशात जायला लावणारं संप्रेरक लांबणीवर पडतं. तेवढ्यात बाकीच्या चकत्याही आपला वेग कमी करतात. जखमी चकती दुरुस्त होते, मापाला येते, आणि मगच सगळे मिळून कोशात जातात. हे प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलं तर माश्यांचे डावे-उजवे पंख एकमेकांशी नीट जुळेनासे होतात.

आता तुमची पाळी

हा प्रयोग घरी करता येतो. रायपूरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हे महिने त्याला चांगले, कारण तेव्हा हवा फार तापलेली नसते.

दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत पिकलेल्या केळ्याचा मोठा तुकडा, दुसरीत अगदी नखाएवढा. दोन्हींत कागदाची एक घडी उभी ठेवा, अळ्यांना कोशासाठी कोरडी जागा मिळते. तोंडं उघडी ठेवून बरण्या फळांच्या टोपलीशेजारी ठेवा. प्रत्येक बरणीत आठ-दहा चिलटं आली, की तोंडावर पातळ सुती कापड रबराने बांधा. दोन दिवसांनी मोठी चिलटं सोडून द्या. आत अंडी घातलेली असतील. नखाएवढ्या केळ्यावर पुष्कळ अळ्या आणि थोडं खाणं, म्हणजे तिथे चांगलीच ओढाताण होईल.

रोज बघा आणि वहीत लिहा. अळ्या कधी दिसल्या? भिंतीवर कधी चढल्या? तपकिरी कोश कोणत्या दिवशी? नव्या माश्या कधी? त्या दिवसांत हवा किती गरम होती? तुमचा आकडा दहापेक्षा जास्त आला की कमी, आणि का?

माश्या बाहेर आल्या की दोन्ही बरण्यांतल्या माश्यांचं माप ताडून बघा. उपाशी बरणीतल्या माश्या लहान निघाल्या, तर त्या ‘पिल्लं’ आहेत असं समजू नका हं! पंख फुटलेली माशी पुढे वाढत नाही. अळी असताना जेवढं खाल्लं, त्यावरून तिचं माप ठरून गेलेलं असतं. कमी खाणं मिळालं की शरीरात इन्सुलिनसारख्या संप्रेरकांचा निरोप कमी होतो आणि सगळे अवयव मिळून लहान राहतात. भिंग लावून बघा, त्या चिमुकल्या माशीचं डोकं, पाय, पंख सगळं तिच्या अंगाला साजेसंच असेल.

प्रयोग संपला की बरणी अंगणात, घरापासून चांगली लांब नेऊन उघडा. स्वयंपाकघरात उघडलीत आणि शे-दीडशे चिलटं आईच्या फोडणीवर जाऊन बसली, तर ‘थांब’ कोण म्हणणार, हे मात्र हिप्पोला विचारायची गरज पडणार नाही!